सुट्टीनंतरची झडती

"पेटी उघड."

गणपती असो, दिवाळी असो, सुट्टी संपवून मुली वसतिगृहात परतल्या की आमच्या रेक्टरबाईंच्या तोंडून त्यांना हे दोनच शब्द ऐकू यायचे. घरी सगळे बरे आहेत का, वगैरे काही नाही. पडवीत पत्र्याच्या साठ पेट्या रांगेनं मांडायच्या, आणि बाई फतकल मारून एकेक पेटी उचकायच्या. आतले कपडेसुद्धा, सगळ्यांसमोर.

मला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तुम्हालाही आवडली नसती. बुटकी, रुंद, पायात पुरुषी चपला, आणि बोलणं असं की समोरच्यानं काहीतरी चोरलंय. मी माणगावहून नवीन आलेली, दहावीला गणित शिकवणारी. अभ्यासाच्या वेळेबद्दल जरा काही सुचवलं, तर म्हणाल्या, "तू गणितं घाल. मुली मी बघते."

साठ मुली आणि आम्ही सात मोठी माणसं, समुद्रालगतच्या एका नारळाच्या वाडीत. एकाला शिंक आली तरी बाकीच्या सहांना कळायची. माझं बाईंशी पटत नाही हे स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे त्यांच्या बाजूचे. मला आमटी शेवटी वाढली जायची, तळाशी उरेल ती.

झडती सुकटीसाठी, असं बाई सांगायच्या. वास येतो, मुंग्या लागतात. जप्त केलेली सुकट दोन दिवसांनी चटणी होऊन आमच्याच पानात पडायची, ते सोडा. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुली माना खाली घालून उभ्या राहायच्या, ते मला बघवेना. मी संस्थेला पत्र लिहिलं, चांगलं दोन पानी, त्यात 'स्वाभिमान' तीनदा. दिवाळीच्या आधी झडती बंद झाली.

बाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन मुलींदेखत म्हणाल्या, "शहाणी आहेस. आता तूच निस्तर." मी मनात म्हटलं, जळा म्हणावं. जिंकले होते ना मी.

दिवाळीनंतर पेट्या न उघडताच खोल्यांत गेल्या. माझ्या वर्गात खाडीपलीकडची एक मुलगी होती, वडील बोटीवर जाणारे. गणितात इतकी पक्की की फळ्यावर मी चुकले तर हळूच बोट वर करायची. सुट्टीवरून आली ती गप्प गप्प. मी विचारलं, तर "काय न्हाय, मॅडम" म्हणाली, आणि मी सोडून दिलं. जानेवारीत आजी आजारी आहे म्हणून तिला घरी नेलं. ती परत आलीच नाही. लग्न लावून टाकलं होतं. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर होती.

बाईंनी पोलिसांत तक्रार केली, त्यांच्याबरोबर खाडीपलीकडे गेल्या. तिच्या वाडीतल्या एकाही माणसानं लग्न झाल्याचं कबूल केलं नाही. तिथून परत आल्यावर बाईंनी मला कोठीत बोलावलं. त्या मुलीची मागे राहिलेली पेटी उघडी होती. पुस्तकांवर एक हिरवी साडी, घडी न मोडलेली.

"सुकट शोधायला मी मांजर वाटले तुला?"

मग कळलं. सुट्टीत सुपारी फुटून लग्न ठरलं की मुलीच्या पेटीत काहीतरी येतंच. साडी, पैंजण, बांगड्या. मुलगी तोंडानं सांगत नाही, घरच्यांनी शपथ घातलेली असते. बाई नुसतं बघायच्या, आणि पुढच्या रविवारी त्या घराच्या दारात जाऊन बसायच्या. अठरा पुरी होईपर्यंत लग्न नाही, असा शब्द घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?" मी भांडलेच.

"तू मुलींची मैत्रीण ना? तू त्यांना सांगितलं असतंस. घरच्यांना कळलं असतं. मग पेटीत काय सापडलं असतं?"

सांगितलं असतं मी, खरं आहे. तरी मला त्यांचा राग आला, अजून येतो. एका माणसावर तरी विश्वास टाकायचा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. निरोपाच्या दिवशी मी पुढे केलेला नारळही त्यांनी घेतला नाही.

बाई भावाच्या गावी, पालीला, राहायला गेल्यावर ती पेटी मीच मुलीच्या सासरी पोचवली. तिच्या कडेवर पोर होतं. तिनं चहा केला, मग विचारलं, "बाई न्हाय आल्या?"

"त्या आता नसतात शाळेत."

"ती साडी मी मुद्दाम सगल्यात वर ठेवलेली, मॅडम. बाई पेटी उघडतील म्हणून. आमच्या वाडीत एकीच्या घरी आलेल्या, तशा रविवारी येतील, बाबांशी भांडतील म्हणून. न्हाय आल्या. मला वाटलं, मागनं खोलीत येऊन बघितली असंल, पन त्यांना माझं काय वाटलं न्हाय."

पत्र मी लिहिलं होतं, हे मी तिला तिथंच सांगितलं. तिनं माझा कप उचलला. पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन आत गेली.

परत येताना मी पालीला फोन लावला. माझा आवाज ऐकून बाईंनी तो ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मी लावला नाही. ती मुलगी त्यांची वाट बघत होती, हे त्यांना न कळलेलंच बरं. मला कळलंय तेवढं पुरे.