ससाण्याच्या पोटाला चंदेरी पट्टी

मोहोळच्या अलीकडे एका ज्वारीच्या शेतात, मचाणावर उभा राहून मी तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत होतो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि तोंडाने "हाऽऽ हुर्र" असं ओरडणं चालू. सगळी नोकरी मी सरकारी वायरलेस विभागात काढली. टॉवर उभे केले, सेट दुरुस्त केले, नव्या पोरांना ट्रेनिंग दिलं. पण शेजारच्या शेतातल्या माणसांनी काम थांबवून वर बघावं इतका जोरदार सिग्नल माझ्या हातून पहिल्यांदाच निघत होता.

खाली बांधावर शेताच्या मालकीणबाई, कमलअक्का, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"शेखसाहेब, जरा दम लावून वाजवा की. पोपट हलंना झालेत."

मी दम लावला. पोपट थोडे हलले.

रिटायर झालेला माणूस या मचाणावर कसा पोचला ते सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं घर आहे. तिथल्या मागच्या खोलीत मी मॉडेल विमानांचे रेडिओ जोडतो आणि दुरुस्त करतो. मॉडेल विमान म्हणजे थर्माकोलसारख्या हलक्या फोमचं, हातभर-दोन हात पंखांचं, बॅटरीवर उडणारं विमान. उडवणाऱ्याच्या हातात ट्रान्समीटर असतो, म्हणजे दोन दांड्यांचा कंट्रोल. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढा रिसीव्हर असतो. दांडी हलली की ट्रान्समीटर हवेतून निरोप पाठवतो, रिसीव्हर तो पकडतो आणि सर्वो नावाच्या छोट्या मोटरींना सांगतो. मग त्या शेपटी किंवा पंखाची फळी हलवतात. निरोप नीट पोचतो की नाही, एवढंच माझं काम. नोकरीतही तेच होतं, फक्त तिथे सही करायला वर साहेब होते.

अक्का एकदा आमच्या गल्लीत बहिणीकडे आल्या होत्या. एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या माळावर मी विमान उडवत होतो आणि कबुतरांच्या थव्याची दाणादाण उडाली. ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात हजर.

"तुमचं ते विमान माझ्या ज्वारीवर फिरंल का? पाखरांनी लई उच्छाद मांडलाय."

रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. घरातसुद्धा गॅस संपल्यावरच माझी आठवण निघायची. त्यामुळे "बघू, विचार करतो" वगैरे शहाण्या माणसाची वाक्यं मला सुचलीच नाहीत. मी म्हणालो, "फिरेल म्हणजे काय, ससाण्याच्या आकाराचंच बनवून देतो. स्वतः येऊन उडवतो."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्यांच्याकडे दरवर्षी भीमा आणि त्याची बायको गोफण घेऊन राखणीला येत. ते ऐकून मी हसलो आणि म्हणालो, "अक्का, आता गोफणीचे दिवस गेले." अक्कांनी माझा शब्द मानला. भीमाला सांगितलं, यंदा नको येऊ. तो बिचारा दुसऱ्या गावातल्या एका शेतावर राखणीला लागला.

ससाणा मात्र सुरेख झाला होता. तपकिरी रंग, वाकडी चोच, पंखांवर काळे पट्टे. पहिल्या दिवशी शेतावर पोचलो तर बांधाच्या कडेने काठ्यांना ती चमकी पट्टी बांधलेली दिसली, पाखरं बुजावीत म्हणून शेतकरी लावतात ती. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने आरशासारखी चंदेरी. वाऱ्यावर फडफडली की उन्हात डोळे दिपतात. माझ्या मनात आलं, हीच ससाण्याला लावली तर? पाखरं खालून बघणार, म्हणून पट्टी खालच्या बाजूला हवी. मी ससाण्याचं पोट, दोन्ही कुशी आणि पंखांची खालची बाजू चंदेरी पट्टीने नीट मढवून काढली.

"कशाला ते?" अक्का म्हणाल्या. "हाय तसा चांगला दिसतोय की."

"अक्का, याला डबल इफेक्ट म्हणतात."

"बगा बाबा. नवरीगत दिसाय लागलाय."

उडवण्याआधी रेंज चेक करायचा असतो. ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम अगदी कमी करायची, विमान जमिनीवर ठेवायचं आणि चालत लांब जाऊन दांड्या हलवायच्या. तेवढ्या अशक्त सिग्नललाही शेपटी हलली तर पूर्ण ताकदीवर आकाशात काही अडचण येत नाही. मी ससाणा पोत्यावर ठेवला, बांधाच्या टोकापर्यंत गेलो. शेपटी टुणटुणीत हलत होती. पट्टी लावल्यानंतर हा चेक केला, हे मी इथे आवर्जून नोंदवतो, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

ससाणा उडाला. चिमण्यांचा ढग उठला, पोपट ओरडत पळाले, अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्याला विहिरीजवळच्या तुकड्याकडे वळवला, उंच चढवला, आणि त्याची मोटर बंद पडली. गोल गोल गिरक्या घेत तो ज्वारीत उतरला.

याला फेलसेफ म्हणतात. निरोप तुटला की रिसीव्हर स्वतःच मोटर बंद करतो आणि विमानाला गिरक्या घेत खाली आणतो, नाहीतर ते परस्पर कुठे जाईल त्याचा नेम नाही. ते सेटिंग मीच केलं होतं आणि ते उत्तम चाललं. त्या दिवशी माझं तेवढंच उत्तम चाललं.

ज्वारी माझ्या डोक्यावर वीतभर होती. आत शिरलं की चारी बाजूंना फक्त पानं, आणि ती पानं चेहऱ्याला कापतात. ससाणा शोधता शोधता मीच हरवलो. अक्कांनी बांधावरून हाका मारून मला बाहेर काढलं, मग ससाण्याला.

दुरुस्त करून पुन्हा उडवला, पुन्हा तेच. खाली आणि जवळ असेपर्यंत शहाण्यासारखा उडायचा. उंच चढला की मोटर बंद. जमिनीवर तपासला की काहीच दोष नाही. मी रिसीव्हर बदलला. बॅटरी बदलली. वायरी पुन्हा डाग देऊन जोडल्या. मग मी बाहेरचा शत्रू शोधायला लागलो, कारण आतला सापडत नसला की आमच्या धंद्यात माणूस लगेच बाहेर बघतो.

आधी मोबाइल टॉवरवर संशय घेतला. मग विजेच्या तारांवर. मग शेजाऱ्यांच्या सोलर पंपावर. त्यांना जाऊन पंप बंद ठेवायची विनंती केली. त्यांनी पाणी द्यायचं सोडून माझ्या शब्दाखातर पंप बंद केला. शेवटी मी अक्कांच्या घरातले सगळे फोन बंद करायला लावले. सूनबाई माहेरी बोलत होत्या, त्यांनाही बोलणं तोडायला लावलं. सगळं गप्प झालं, ससाणा उडाला, उंच चढला आणि नेमाने ज्वारीत पडला.

सूनबाईंनी माझ्याकडे जसं बघितलं तसं नोकरीत कुठल्या साहेबाने बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अक्का मला विहिरीजवळच्या तुकड्यात घेऊन गेल्या. एक कणीस वाकवून दाखवलं. अर्धं कणीस रिकामं होतं, नुसती टरफलं राहिली होती.

"ही गूळभेंडी हाय," त्या म्हणाल्या. "हुरड्याची. दाणा मऊ आन् गोड, म्हणून पाखरं पयली हितंच येत्यात. माझ्या आईकडनं आलंय हे बी. आई गेली, तितं माहेरात बी आता कोण पेरत न्हाय. दरसाल हितलं राखून ठेवते, तवा फुडल्या साली पेरायला असतंय."

"भीमाला परत बोलावू या का?" मी विचारलं.

"त्यानं तिकडं शब्द दिलाय. कसा यील?" रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "दाणा टणक होईस्तवर कुणी तरी पायजे, शेखसाहेब. मी एकटी कुटं कुटं बगू? घरच्यांला बाकीचं रान हाय."

मला इतकी शरम वाटली की पुढचं बोलणं माझ्या तोंडून आपोआप निघालं. "मी येतो. ससाणा नीट होईपर्यंत डबा मी वाजवतो."

घरी बायकोला सांगितलं तर तिने जेवण वाढता वाढता एवढंच म्हटलं, "क्या जी, पेन्शन कम पडी क्या? अब चिडियाँ उडाने लगे."

तर असा मी मचाणावर पोचलो. त्या बाजूला त्याला माळा म्हणतात. चार वासे, वर फळ्या, चढायला शिडी. सकाळी पाखरं जोरात असतात, ऊन चढलं की जरा दम घेतात. मी भाकरी खाल्ली. डबा वाजवायला वाकलं की शर्टाच्या खिशातून फोन सारखा पडत होता. एकदा तर फळीच्या कडेवर अडकून राहिला म्हणून वाचला. म्हणून मी तो भाकरीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकला, झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा बडवायला उभा राहिलो.

थोड्या वेळाने अक्का तणतणत आल्या.

"फोन का बंद ठिवलाय? कवाधरनं लावतीया. पोपटांचा थवा त्या अंगानं शिरलाय."

"बंद नाही, चालू आहे."

"मग लागंना का? क्षेत्राच्या भायेर म्हणतोय."

"इथे तर रेंज असते," म्हणत मी डबा उघडला, फोन बाहेर काढला. त्यावर लगेच रेंजच्या काड्या उभ्या राहिल्या आणि अक्कांचे राहिलेले कॉल एकामागून एक आले. मी डब्याकडे बघितलं. फोनकडे बघितलं. मग मचाणाच्या कोपऱ्यात उलट्या पडलेल्या ससाण्याकडे बघितलं. ऊन थेट त्याच्या पोटावर पडलं होतं आणि ते लखलखत होतं.

नोकरीत ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी पोरांना एक गंमत करून दाखवायचो. चालू रेडिओ पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि झाकण लावायचं, गाणं बंद. धातूचा पत्रा रेडिओच्या लहरी आत येऊ देत नाही. पोरं टाळ्या वाजवायची. त्या चमकी पट्टीवर धातूचाच मुलामा असतो. मी ससाण्याचा रिसीव्हर स्वतःच्या हाताने डब्यात घातला होता, फक्त त्या डब्याला वरून झाकण नव्हतं. विमान जमिनीवर असताना मी उभा, ते खाली, त्यामुळे निरोप उघड्या पाठीतून बिनबोभाट आत जायचा. आकाशात गेलं की मी खाली, ते वर, आणि मध्ये माझा डबल इफेक्ट.

"अक्का, जरा वर या," मी म्हणालो. "आणि याच्या शेपटीकडे बघा."

त्या शिडी चढून आल्या. मी ससाणा पोट खाली करून फळीवर ठेवला, ट्रान्समीटर घेऊन खाली उतरलो, ताकद कमी केली आणि बांधाने थोडा पुढे गेलो.

"हलतंय का?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय की."

वर गेलो, पोटाची आणि कुशीची पट्टी ओरबाडून काढली. पुन्हा खाली, पुन्हा बांधावर. पहिल्या जागेच्या कितीतरी पुढे गेलो.

"हलतंय का?"

"हलतंय. चांगलं हलतंय."

मी परत आलो तेव्हा अक्का मचाणावर बसून त्या पट्टीच्या चिंध्या बोटाला गुंडाळत होत्या.

"म्हंजे डब्यातला फोन आन् ह्यो ससाणा, एकच की."

"एकच."

"आन् डब्यात घातलावता कुणी?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. "चा घेता का?" त्यांनी विचारलं. त्या सबंध प्रकरणात मला मिळालेली शिक्षा एवढीच, आणि ती पुरेशी होती.

त्या दुपारी ससाणा उंच चढला आणि वरच राहिला. चहाचा कप हातात घेऊन मी ससाणा विहिरीवर फिरवला, तेव्हा चहाही सांडला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं. सोलर पंपवाल्या शेजाऱ्यांना मी जाऊन सांगितलं की पंपाचा काही दोष नव्हता. ते म्हणाले, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. सूनबाईंना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

दाणा टणक होईपर्यंत मी रोज जात राहिलो. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी पाखरं ससाण्यालाही सरावली. ती तारेवर बसून त्याच्याकडे बघत. मग मी डबा वाजवायचो तेव्हा उडत. म्हणजे विमान दुरुस्त झाल्यावरही मचाणावरची माझी नोकरी काही सुटली नाही.

काढणी झाल्यावर अक्कांचा फोन आला. मी आधी गूळभेंडीचंच विचारलं.

"निम्मं गेलं," त्या म्हणाल्या. "पर पेरण्यापुरतं राहिलंय. निवडून ठिवलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "फुडल्या सालाचं भीमाला आत्ताच सांगून ठिवलंय. तुमी बी या. विमान आणा न्हाय तर नका आणू, डबा आणा."

आठवड्याभराने त्यांच्या बहिणीच्या हातून एक पत्र्याचा डबा आला. आत हुरड्याच्या दिवसांत वाळवून ठेवलेला हुरडा होता. डब्याला चंदेरी पट्टी बांधली होती, वर छानशी गाठ मारून. बायकोने विचारलं, हे चमचम कशासाठी. मी म्हणालो, सजावट आहे. हुरडा भाजून खाल्ला. दाणा खरंच गोड होता.

आता मी रेंज चेक करताना विमान गच्चीच्या कठड्यावर ठेवतो आणि स्वतः खाली रस्त्यावर उभा राहतो. वस्तू जिथे वापरायची तिथूनच तपासावी, एवढं साधं आहे ते. गल्लीतले लोक विचारतात, साहेब वर बघत काय करता? मी सांगतो, हलतंय का बघतोय.