लव्हाळ्याखालची पोकळी

मी बुलढाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पण लव्हाळा मला पुस्तकाआधी मावशीनं शिकवला. त्याची तीन धारांची काडी बोटांत फिरवून ओळखायची आणि मुळाशी लागलेल्या वासाच्या गाठी खुरप्यानं उकरायच्या. त्या गाठींना मावशी मोथा म्हणते आणि शिकेकाईत कुटून घालते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या गावी, दुसरबीडकडे गेले होते. सकाळीच आम्ही नदीवर निघालो. उन्हाळ्यात तिथून पोकलेननं रेती उपसली होती. पावसाळ्यात पाणी आलं, काठ पुन्हा हिरवा झाला आणि वरून सगळं पूर्वीसारखंच दिसत होतं. फक्त बेडूक नव्हते. एरवी पावलागणिक उड्या मारत पळायचे.

मावशी मध्येच थांबली. "लव्हाळा पिवळा काऊन पडला? पायाशी तर पाणी आहे."

मला नवल वाटलं. एक ठोंब उपटून बघावा म्हणून मी दोन पावलं पुढं गेले.

"थांब व माय! पुढं नको जाऊ!"

तोवर पायाखालची जमीन गादीसारखी दबली आणि मी कमरेपर्यंत खाली गेले. पायांना तळ लागेना. खाली गार पाणी होतं आणि ते ओढत होतं. काठ आतून कोरला गेला होता; वरचा थर नुसत्या मुळांच्या जाळ्यावर तरला होता. मी लव्हाळ्याच्या मुठी धरल्या, तर त्या मुळांसकट हातात आल्या.

मावशी पालथी पडून सरकत आली. "हात दे. हलू नको बिल्कुल." तिनं माझं मनगट धरलं आणि इंचाइंचानं मला मागं ओढलं. नंतर आम्ही दोघी कितीतरी वेळ चिखलात बसून होतो. मी रडत होते.

गावात सांगितल्यावर लोकांनी त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. चौथ्या दिवशी तो काठ सगळाच खचला. एवढ्या वर्षांचा लव्हाळा मातीसकट वाहून गेला. कोणी सापडलं नाही त्यात, एवढंच बरं.

परवा मावशीचा फोन आला. "नदीकडून एक भेग निंघाली," ती म्हणाली. "आता आपल्या गोठ्यापर्यंत येऊन राह्यली."

मी तिला बुलढाण्याला यायला सांगितलं. ती नाही म्हणाली.