फुग्याच्या बाह्यांचं पोलकं

अनसिंगला आमच्या शेजारच्या घरात एक सून होती. बोलायची थोडं, कारण ओठांत कायम सुई धरलेली. कुणी काही सांगितलं की ती "हूं" म्हणायची. त्याचा अर्थ, ऐकलं, पण करणार नाही.

उन्हाळा लागला की ती जुन्या धोतराचं मऊ कापड पळसाच्या फुलांत रंगवून घरीच पोलकं शिवायची. त्या वर्षी तिनं त्याला फुग्याच्या बाह्या लावल्या. सासूनं त्या उसवल्या.

"हे घालून विहिरीवर जाशीन? लोक काय म्हनतीन?"

"हूं."

तिनं पुन्हा बाह्या लावल्या. सासूनं पुन्हा उसवल्या.

मग एका सकाळी माझ्यादेखत तिनं तसल्याच बाह्यांचं एक कोरं पोलकं सासूपुढं ठेवलं. "आत्याबाई, घडी तुमीच मोडा."

नवं कापड आधी मोठ्यांनी अंगावर घालून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. तो मान नाकारता येत नाही. सासू पुटपुटत आत गेली, खणाची घट्ट चोळी उतरवून पोलकं घालून आली. सुनेच्या दुप्पट अंगाच्या त्या बाईला ते नेमकं बसलं, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

दिवस कलला तरी घामोळ्यांनी वैतागलेली सासू ओसरीवर त्याच मऊ पोलक्यात वारा घेत बसलेली.

"आत्याबाई, घडी मोडली. द्या आता माह्यं पोलकं."

"राहू दे व. तुले दुसरं शिव."

"अशाच बाह्यांचं?"

"मंग कायच्या?"

"बरं," ती म्हणाली. दुसरं तिनं सकाळीच बेतून ठेवलं होतं.