मत न देणारी फलेसी

फलेसीच्या अंगणात कुठल्याच पक्षाचं कापड वाळत नसे. नामिकांगो गावात ही गोष्ट डोळ्यांत खुपणारी होती. निवडणूक आली की पुढाऱ्याचं तोंड छापलेलं चितेंजे फुकट मिळतं. बायका ते कमरेला गुंडाळून सभेत नाचतात आणि सभा संपली की त्यानेच पोरं पाठीला बांधतात. फुकटचं कापड कोण सोडतं? फलेसी सोडायची. मतही देत नसे.

तिचंही काही चुकत नव्हतं. एकाच पक्षाचं राज्य होतं तेव्हा त्या पक्षाचं कार्ड दाखवल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवता येत नसे. तापाने फणफणलेल्या आईला घेऊन ती दवाखान्यात निघाली आणि घाईत कार्ड घरीच राहिलं. पक्षाच्या पोरांनी दोघींना खाली उतरवलं. आईने रस्त्याच्या कडेलाच प्राण सोडला. पुढे राज्यं बदलली, रंग बदलले, पण फलेसीचा विश्वास काही परत बसला नाही.

मात्र गावात कुणी गेलं, की डोक्यावर लाकडांची मोळी आणि टोपलीत मक्याचं पीठ घेऊन पहिली हजर तीच. मयताच्या घरी आल्यागेल्याला त्या पिठाची शिजवलेली न्सिमा मिळालीच पाहिजे. मयत हिरव्या पक्षाचं की जांभळ्या, हे तिने कधी विचारलं नाही.

हिरव्यांचा गावातला अध्यक्ष कालेम्बो तिला टोमणे मारी. "काय आजी, देश सगळ्यांचा आणि तू एकटीच पाहुणी?"

"पाहुणीला निदान कुणी नाचायला तरी लावत नाही," ती म्हणे.

या खेपेला निवडणूक अटीतटीची होती. सभेला मंत्री येणार म्हणून कालेम्बोने घरोघर बजावलं, जो सभेला येणार नाही त्याच्या घरच्या मयताला खड्डा मिळणार नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठी धमकी नाही. कबर खणणारे ठरलेले असतात आणि त्यांचा म्होरक्या सायझी हिरव्यांचाच. फलेसी सभेला गेली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा लेम्सन गेला.

बायका आल्या, रडल्या. खणणारे आले नाहीत. सप्टेंबरचं ऊन चढू लागलं.

"कालेम्बोकडे जा," तिची जाऊ म्हणाली. "कापड घे, बांध कमरेला. लेम्सन मातीआड होऊ दे, मग टाक फेडून."

इतकी वर्षं मान ताठ ठेवली, आता नवऱ्यासाठी वाकवावी की काय, असं फलेसीला खरोखर वाटून गेलं. ती उठली. बायकांना वाटलं, निघाली कापड आणायला. तिने दारामागची कुदळ उचलली आणि कबरींच्या राईकडे चालू लागली.

खड्डा खणताना बाईने राईत जायचं नसतं. ती गेली. जमीन दगडासारखी कडक, आणि म्हातारीचे हात ते केवढे.

बातमी कालेम्बोच्या अंगणात पोचली. तिथे सायझी आणि त्याची माणसं पुढाऱ्याचं तोंड छापलेले हिरवे शर्ट घालून बसली होती. सायझी उठला.

"कुठे निघालास?" कालेम्बोने विचारलं.

"माझा बाप गेला तेव्हा तिच्या पिठावर सगळं गाव जेवलं," सायझी म्हणाला.

त्याने शर्ट काढला, उलटा केला आणि परत अंगात घातला. बाकीच्यांनीही तेच केलं. शर्ट काढून फेकण्याइतकी छाती कुणाची नव्हती, पण जे केलं तेही थोडं नव्हे. राईत जाऊन सायझीने फलेसीच्या हातातून कुदळ घेतली आणि तिला घरी पाठवलं.

लेम्सनला माती दिली. सगळ्यांच्या मागे कालेम्बो उभा होता. माणसं पांगल्यावर तो जवळ आला.

"आजी, या देशावर तुझा एवढा राग का गं?"

"देशावर कशाला असेल? तुझ्या आईच्या मयताला मोळी आणली, ती काय रागाने आणली? मला देश म्हणजे हीच माणसं रे. त्यात तूही आलास, माझं नशीब."

कालेम्बो म्हणाला, "मंगळवारी मतदान आहे. एकदा तरी ये."

"नाही यायची," फलेसी म्हणाली. "पण तू मेलास तर येईन. लाकडं चांगली वाळलेली आणीन."