एक झाकण जास्त

गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी सगळे त्याला कानसेन म्हणत. टू-स्ट्रोक गाडी अजून वळणावर असतानाच तो हातातलं काम थांबवून म्हणायचा, "सायलेन्सर काजळीनं भरलाय," आणि गाडी गॅरेजच्या दारात येईपर्यंत नेमका पाना शोधून बसलेला असायचा. टेकडीवर मेंढ्या चारणारे, खाणीत काम करणारे, सगळे आपल्या चार चाकांच्या क्वाड गाड्या त्याच्याकडेच आणत. जाताना प्रत्येकाला त्याचं प्रवचन ऐकावं लागे. टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःचं वेगळं तेल नसतं, पेट्रोलात मिसळाल तेवढंच त्याच्या नशिबात. म्हणून माप म्हणजे माप. कॅन हलवून मगच ओता, इंजिन गरम होईपर्यंत रेस करू नका, एअर फिल्टर धुवा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "गाडीवर जीव असेल तर फडक्यानं पुसा. तेल वाढवू नका."

त्याची स्वतःची क्वाड गॅरेजच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली उभी असे. तिचं नाव खेकडा. नाव ठेवलं लेकीनं. कारण रेतीवर ती सरळ जाण्यापेक्षा तिरकीच जास्त जायची. बापलेकीनं भंगारातून एकेक भाग जमवून ती उभी केली होती. लेक शाळेतून आली की दप्तर आईच्या शिलाई मशीनवर टाकायची आणि थेट गाडीखाली शिरायची. आई ओरडायची, "अगं, आधी हात धू," आणि गाडीखालून दोन आवाज एकदम यायचे, "आत्ता धुतले तरी पुन्हा काळेच होणार."

ती लेक आता दूरच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करत होती. जा, असं कानसेनच म्हणाला होता, आणि तेव्हापासून आतल्या आत पस्तावत होता. पण बोलून दाखवेल तर तो कानसेन कसला. लेकीचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. "बाबा, जेवलात? गुडघा कसा आहे? बरं, आईला द्या." तो मुकाट्यानं फोन बायकोला द्यायचा आणि मग उगाच तिथेच घुटमळत राहायचा, जणू त्याचा एखादा स्क्रू खाली पडलाय. स्वतःहून फोन त्यानं कधी केला नाही. ती कामात असेल, उगाच कशाला त्रास, असं म्हणायचा. आपल्याला बोलायला काही सुचणार नाही ही भीती त्याहून मोठी होती.

यंदा ती सुटीला येणार होती. खेकड्यावरून दोघं टेकडीवर जाणार, ती पुढे, तो मागे, असं फोनवर ठरलंही होतं. त्याला दम धरवेना. एका सकाळी त्यानं ताडपत्री काढली, खेकडा सुरू केला, गरम होऊ दिला आणि टेकडीच्या चढाला लागला. अर्ध्या चढावर आवाज बदलला. बारीक झाला, ताणल्यासारखा झाला. कानाला कळलं, पण थ्रॉटलवरचा अंगठा उचलायला क्षणभर उशीर झाला. किंचाळल्यासारखा आवाज होऊन मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि खडीत दोन लांब ओरखडे उमटले. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. इंजिन सीज.

गाडी न्यूट्रलमध्ये टाकून तो ती ढकलत उतरला. दुपारी प्लग काढला, तर त्याचं टोक राखेसारखं पांढरं. चांगल्या इंजिनाचा प्लग चहासारखा तपकिरी असतो. पांढरा म्हणजे इंजिनाला हवा भरपूर मिळाली पण पेट्रोल कमी पडलं, म्हणून ते भयंकर तापलं. का कमी पडलं, तेही कानसेनला तिथल्या तिथे कळलं. तो बराच वेळ तेलाच्या डब्याकडे बघत बसला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बंदरात मोठी बोट दुरुस्तीला आली होती, सुटी रद्द. "पुढच्या वेळी नक्की, बाबा," ती म्हणाली. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "खेकड्याचा पिस्टन पकडला."

"काय? थांबा, नीट सांगा. चढावर? गरम होती का? प्लग काढलात?"

प्लग त्याच्या खिशातच होता. "नाही अजून," तो म्हणाला. "उद्या बघतो."

"बघा आणि मला सांगा. मी उद्या फोन करते."

उद्या. कानसेनच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की बायकोनं मशीन थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. प्लग पांढरा आहे, हे एका दिवसाचं. ओरखडे पिस्टनच्या कुठल्या बाजूला आहेत, हे दुसऱ्या दिवसाचं. "चारही बाजूंना असतील तर थंड इंजिन रेस केलं असणार," ती म्हणाली. हे तिला शिकवलं कोणी? पण कानसेन नवशिक्यासारखा हुंकार भरत होता. ओरखडे फक्त धूर निघतो त्या बाजूला होते. म्हणजे इंजिन तापूनच गेलं. मग कुठून जादा हवा शिरते का ते पाहायला तिनं साबणाचं पाणी लावायला सांगितलं. एकही बुडबुडा आला नाही, आणि तो येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. फिल्टर स्वच्छ, कार्ब्युरेटर स्वच्छ. मध्येच ती तिच्या बोटीबद्दल सांगायची, मुकादम कसा चिडका आहे, तिथल्या वाऱ्यात जेवण कसं गार होतं. पूर्वी यातलं एक अक्षर त्याच्या वाट्याला येत नव्हतं.

"एका दुपारी तीन इंजिनं उघडणारा माणूस," बायको म्हणाली, "आणि या एकाचं शवविच्छेदन अजून चाललंच आहे."

"दोष सापडत नाहीये."

"सापडलाय. पहिल्याच दिवशी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आठवण येते म्हणावं सरळ."

तो हातातलं फडकं चुरगळत राहिला. मग हळूच म्हणाला, "गाडी झाली की ती विचारणार, झाली का? मी म्हणणार, झाली. मग पुढे काय बोलू?"

बायकोनं सुई डोळ्यांजवळ धरली. दोरा ओवून ती पुन्हा शिवायला लागली.

त्या संध्याकाळी लेकीनं शेवटचा प्रश्न विचारला. "बाबा, तेल किती घालत होतात?"

खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "मापाचं. आणि वर एक झाकण."

तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून जायचं तेवढंच जातं, त्यात तेलानं जागा अडवली की इंजिन उपाशी राहतं आणि तापतं. हे त्यानंच तिला पाण्यानं भरलेल्या पेल्यात खडे टाकून समजावलं होतं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"तू गेल्यापासून. तू येशील तोवर झिजायला नको, म्हटलं."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मागून बायको पुटपुटली.

लेक हसली, पण मध्येच थांबली. "बाबा, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "नवा पिस्टन टाका. सिलिंडर घासून घ्या. आणि मापानं घाला."

त्यानं तसंच केलं. खेकडा पहिल्या किकला सुरू झाला, आणि आवाज इतका गोड होता की कानसेनला रडू येईल असं वाटलं. संध्याकाळी त्यानं ते सांगितलं. "छान," लेक म्हणाली. "आईला द्या."

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला नाही. त्यानंतरच्याही नाही. कानसेन फोन गुडघ्यावर ठेवून दारात बसला. गाडीत पुन्हा काहीतरी बिघडलंय असं सांगता येईल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. मशीनची घरघर थांबली होती. बायको त्याच्याकडे बघत होती.

त्यानं नंबर लावला.

"बाबा? तुम्ही?" लेक घाबरली. "काय झालं? आई ठीक आहे ना? परत पकडला का?"

"नाही, नाही. सगळं ठीक आहे. गाडीला काही झालेलं नाही."

"मग?"

कानसेननं तेलकट हात उगाच पँटला पुसला. "मग काही नाही," तो म्हणाला. "तुझी आठवण येत होती."

पलीकडे हातोड्यांचा आवाज होता, कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती कोणाला तरी म्हणाली, थांबा जरा. मग एक लोखंडी दार लागल्याचा आवाज आला आणि तिच्या मागचा सगळा गोंगाट बंद झाला.

"बोला, बाबा," ती म्हणाली. "मी बाहेर आलेय."