धोंड्याच्या महिन्यातलं फ्रेंच

सेलूत फ्रेंचचा काडीचाही उपयोग नाही, हे मला फ्रेंच शिकल्यावर कळलं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी पोस्टाने फ्रेंच शिकत होतो. (का, ते विचारू नका. बाबांनीही विचारून विचारून सोडून दिलं होतं.) वर्ध्याला खुनाचा सिनेमा लागला होता. आज शेवटचा दिवस, आणि मला तो पाहायचाच होता! त्यातच धोंड्याचा महिना, म्हणून ताईचे यजमान, आमचे भाऊजी, नागपूरहून जेवायला आलेले. जेवून सगळ्यांनी सहाच्या शोला जायचं ठरलं. पण भाऊजी हा सिनेमा नागपूरला आधीच पाहायला गेले होते, आणि शेवट सांगून टाकायची त्यांना भारी खोड! आधीचे दोन सिनेमे त्यांनी आमच्या ताटावरच संपवले होते.

धोंड्यात जावयाला 'गप्प बसा' कोण म्हणणार? मी आईबाबांकडून एक वाक्य घोटून घेतलं. "न राकोंते पा ला फँ!" म्हणजे, शेवट सांगू नका. शिवाय आदरार्थी!

भाऊजींनी पहिला घास घेतला. "तो सिनेमा आहे ना, मी काय म्हन्तो..."

"न राकोंते पा ला फँ!" आई किंचाळलीच.

"हे काय बोलून राह्यल्या तुमी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर जावयाचा अपमान! मी म्हणालो, "फ्रेंच आहे, भाऊजी. म्हंजे, अजून एक पोळी घ्या."

झालं! आता वाक्यासोबत पोळी वाढणं आलं. भाऊजींनी तोंड उघडलं, की आईबाबा फ्रेंच ओरडत आणि ताटात तुपात बुडवलेली पुरणाची पोळी पडे.

"अहो, पन माह्यं आयका त..."

फ्रेंच! पोळी! ताटात टाकायचं नाही म्हणून बिचारे गिळत राहिले. नवव्या पोळीला आडवे झाले. डॉक्टर आले, सोडा झाला, ओवा झाला, आणि त्यात सहा वाजून गेले. माझं डोकंच फिरलं.

"आता तरी सांगा, भाऊजी! खून कोनं केला?"

"मले काय मालूम?" भाऊजी कण्हले. "घरची शेवटची बस चुकन म्हून मी इंटरवललेच उठलतो. शेवट पाहाले त तुमच्यासंग येऊन राह्यलो होतो! तेच सांगत होतो, त तुमचं आपलं पोळी घ्या, पोळी घ्या!"

दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. खुनी कोण, हे आमच्या घरात आजतागायत कोणालाही, कुठल्याही भाषेत सांगता येत नाही. आणि मला तर तीन येतात!