घोट्याची बातमी

मिशिगनमधल्या माझ्या पोलीस नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. नातवंडांनो, तुम्ही तिकडे सिडनीत, म्हणून लिहूनच सांगते. खरी नावं कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी डिटेक्टिव्ह होते. आमच्या भागातल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाने तक्रार दिली. त्या काळी इंटरनेटवर एक बाजार चालायचा. अमुक खेळाडू आज वीसच्या वर गुण करील का, यावर लोक ‘हो’ किंवा ‘नाही’ विकत घ्यायचे आणि शेअरसारखे त्यांचे भाव वरखाली व्हायचे. खबर त्या बाजारवाल्यांनीच संघाला दिली होती. टेक्सासमधलं एक खातं या संघाच्या एखाद्या खेळाडूवर भरपूर ‘नाही’ घेई, आणि संध्याकाळी जाहीर होई की तो खेळाडू दुखावलेला आहे. खातेदाराचं नाव द्यायला मात्र ते कोर्टाचा आदेश मागत होते.

दुखापतीची माहिती फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर जात नसे. तिथे दोन जुने कर्मचारी आणि एक शिकाऊ विद्यार्थिनी, नाशिकची. संशय अर्थातच नव्या माणसावर. आरोप टिकला असता तर तिचं प्रशिक्षण गेलं असतं, त्यामागोमाग कॉलेज आणि व्हिसाही.

माझ्या सार्जंटने तिचा जबाब घेतला.

“ही माहिती कोणाला दिलीस?”

“कोणालाच नाही.”

“टेक्सासमध्ये कोणी ओळखीचं?”

“मावसभाऊ आहे फ्रिस्कोला. पण आमचं वर्षभर बोलणं नाही.”

तेही खरं निघालं. तिच्या फोनवरून टेक्सासला एकही कॉल नव्हता. ती रोज फक्त आईला फोन करायची.

सार्जंट बाहेर येऊन मला म्हणाला, “खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो. ही अडखळतच नाही. आता तू बघ, तुमच्या भाषेत.”

मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि मराठीत विचारलं, “आईशी रोज काय बोलतेस?”

“काही विशेष नाही, मॅडम. काय जेवले, दिवसभर काय केलं.”

“मग गेल्या आठवड्यात काय केलंस? मी आईच आहे असं समज आणि सांग.”

ती जरा हसली. “आमचा एक ताडमाड खेळाडू आहे, त्याचा घोटा सुजला होता. त्याला बर्फ लावत बसले होते. आई म्हणाली, बिचाऱ्याच्या आईला काय वाटत असेल...” इथे ती थांबली. चेहरा उतरला. “पण काकू, ती आई आहे. आईला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं होतं का?”

तिच्या संमतीने नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाली, “अगं, मी कोणाला सांगणार? ताईशी बोलले तेवढंच.” मग पुण्याला ताईंना लावला. “मी कशाला कोणाला सांगू?” ताई म्हणाल्या. “बंट्याला त्या खेळाचं वेड, म्हणून त्याच्या कानावर घातलं.” बंट्या म्हणजे त्यांचा मुलगा, फ्रिस्कोचा मावसभाऊ.

मी सगळं इंग्रजीत सांगितल्यावर सार्जंट डोक्याला हात लावून बसला. “तुमच्याकडे ‘कोणाला’मध्ये नक्की कोण येतं?”

बंट्याने फोनवर फार ताणलं नाही, ते खातं आपलंच असं कबूल केलं. “घरातल्या गप्पा होत्या यार, मावशी. केस होईल असं वाटलंच नाही.”

“मावशी नंतर. आधी वकील बघ,” मी म्हटलं. त्याचं पुढचं टेक्सासच्या पोलिसांनी पाहिलं.

अहवालात मी लिहिलं की मुलीने माहिती विकली नाही, फायदा घेतला नाही. गोपनीयतेचा नियम मात्र तिच्याकडून मोडला. दरम्यान ती आपणहून त्या खेळाडूसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “माझ्या आईने तर अख्ख्या चर्चला सांगितलंय. प्रार्थना चालू आहे तिथे.” मुख्य फिजिओने तिला कडक समज दिली आणि सोमवारी कामावर बोलावलं. तिचं शिक्षण पूर्ण झालं.

त्यानंतर मी चौकशीत ‘कोणाला सांगितलंस का’ असं विचारणं सोडलं. घरी कोण असतं, जेवताना काय बोलणं होतं, असं विचारू लागले. जबाब लांबले, खात्याचा चहा जास्त संपला, पण निरपराध माणसं लवकर घरी जाऊ लागली.